हूकवाल्याचं पान

त्या आठवड्यात आमच्या घरात दोनच विषय होते. एक, आबांचं गावाला जाणं. दुसरा, माझ्या लेकाने कुठल्याशा जुन्या पुस्तकवाल्याकडून मागवलेलं एक कॉमिक. पहिल्या विषयावर कोणी बोलत नव्हतं आणि दुसऱ्यावर लेक एकटाच बोलत होता.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडे खांदेश्वरला असतात. मुलीच्या घरी राहायचं म्हटलं की साताऱ्याकडच्या माणसाचा घास घशात अडकतो, पण करणार काय? मी एकुलती एक, आणि त्यांना दमा. नवरा माझा जहाजावर, वर्षातला बराच काळ समुद्रात. म्हणजे घरात मी, नोकरीला लागलेला लेक आणि आबा. गावचं घर बंद आहे. पत्रा गळतो, आजूबाजूच्या घरांनाही कुलपं, दवाखाना गाठायचा तर एसटीची वाट बघायची. तिथे हा माणूस एकटा राहिला तर एक थंडी काढायचा नाही, हे मला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. आणि आबा रोज सकाळी चहाच्या कपात बघत एकच वाक्य म्हणत होते, "मला गावाला सोड."

का, विचारलं की गप्प. मी आपलं समजून चालले होते की पार्किंगमध्ये झालं ते मनाला लागलंय. लागणारच. चार दिवसांत उतरेल, असं मी स्वतःला सांगत होते.

अशात ते पार्सल आलं. लेकाने माझ्यासमोर नाचवलं. "आई, सापडलं! तुझा रेनकोटवाला!"

आता हा रेनकोटवाला कोण, ते सांगते. मी लहान असताना आम्ही तुर्भ्याला एका खोलीत राहायचो. आबा मार्केटात पोती उचलायचे. कांद्याची, बटाट्याची, नंतर धान्याची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकल दुरुस्तीवाला होता, तो भाड्याने हिंदी कॉमिक्स द्यायचा. सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबराने बांधलेले गठ्ठे असायचे त्याच्याकडे, त्यामुळे सगळ्या गोष्टींना पंक्चरच्या सोल्युशनचा वास. त्यात मला आवडायचा तो हा रेनकोटवाला. बाकीचे हिरो उडायचे, हसायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. हा मेला कधी हसायचा नाही. दाढी वाढलेली, एक कान अर्धा तुटलेला, दारू प्यायचा, बायको-पोरं कोणीतरी जाळून मारलेली. शहर बंदराचं, गोदामांचं, आणि प्रत्येक चौकटीत पाऊस. हातात लोखंडी पंजा. त्या पंजाने तो माणसांची हाडं मोडायचा, आणि हाड मोडल्याचा आवाज चित्रकार मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरात काढायचा. पोरींनी असलं वाचू नये, असं शेजारच्या मावशी म्हणायच्या. म्हणून मी जास्त वाचायचे.

रविवारी मार्केट बंद. त्या दिवशी आबा जेवण झालं की लादीवर पालथे पडायचे आणि म्हणायचे, "चढ गं पोरी." मग मी त्यांच्या पाठीवर उभी राहायचे. हमालाच्या घरातल्या पोरांना हे काम नवं नाही. आठवडाभर पोत्यांनी चेपलेली पाठ पोराच्या पायांनीच मोकळी होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात कॉमिक, आणि पाय हळूहळू मानेपासून कमरेपर्यंत. हिंदी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आबा खालून "हं, हं" करायचे. मध्येच "तितंच, तितंच जरा थांब" म्हणायचे. ते गोष्टीसाठी आहे की पाठीसाठी, हे मला कळायचं नाही.

त्या सगळ्या कॉमिक्समधलं एकच मला आयुष्यभर लक्षात राहिलं, कारण त्यात एक हूकवाला होता. पोती ओढायचा लोखंडी हूक असतो ना, लाकडी मुठीचा, तो खांद्याला अडकवलेला. लुंगी, बनियन, डोक्याला टॉवेल. अगदी आमच्या आबांसारखा. गोदामात स्मगलिंगचा माल तांदळाच्या पोत्यांत लपवलेला असतो आणि रेनकोटवाल्याला काही केल्या आत शिरता येत नाही. तेव्हा हा हूकवाला आतून दार उघडतो. दोघं मिळून शेठच्या माणसांना लोळवतात आणि शेवटी रेनकोटवाला त्याच्याशी हात मिळवतो. माझ्या लेकाला मी ही गोष्ट भात भरवताना किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही. तोंड उघड, हूकवाला आला, दार उघड, आ कर! त्याने पोटभर भात खाल्ला तो त्या हूकवाल्याच्या जिवावर.

म्हणून माझ्या वाढदिवसाला मला तेच कॉमिक द्यायचं, असं त्याने ठरवलं. पार्सल उघडून आधी स्वतः वाचलं आणि मग जरा चाचरतच माझ्याकडे आला.

"आई, यात तुझा तो हूकवाला आहे."

"मग? सांगत होते ना!"

"आहे, पण एकाच पानावर आहे. आणि दोस्त-बिस्त नाहीये. रेनकोटवाला त्याला फोडतो."

"काहीतरीच. दुसरं कुठलंतरी उचलून आणलं असशील."

तो पुस्तक माझ्या हातात ठेवून निघून गेला.

दुसरं नव्हतं. मुखपृष्ठ बघितलं आणि ओळखलं. कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या, निळी-काळी शाई एकमेकींत उतरलेली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्या उभ्या वाचायला लागले. पहिली काही पानं तर मला अक्षरशः पाठ होती. पाऊस काय काढलाय हो त्या चित्रकाराने! तेव्हा कळलं नव्हतं, आता बघितलं तर वाटलं, ह्या माणसाने पत्र्यावरून पडणारं पाणी तासन्‌तास बघितलं असणार. रेनकोटवाल्याचं दुःखही खोटं वाटलं नाही. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग ते पान आलं. गोदामाच्या दाराशी हूकवाला उभा. रेनकोटवाला त्याची मान धरून विचारतो, माल कुठाय? हूकवाला म्हणतो, साहेब, मला काही माहीत नाही, मी नुसती पोती उचलतो. पुढच्या चौकटीत हात मोडल्याचा तो वाकडातिकडा आवाज. त्याच्या पुढच्या चौकटीत हूकवाला खाडीत. पान संपलं. पुढे तो गोष्टीत नाही. त्याचं काय झालं, तो पोहत बाहेर आला की बुडाला, त्याला घरी कोणी होतं की नव्हतं, काही नाही. रेनकोटवाला आत शिरतो आणि गोष्ट पुढे चालू.

मी पुन्हा मागे गेले. पुन्हा बघितलं. चित्रकाराने हूक बरोबर ठिकाणी अडकवला होता, टोक पाठीकडे, मूठ पुढे. म्हणजे तो कुठल्यातरी मार्केटात येऊन बसला असणार, आमच्यासारख्यांकडे नीट बघितलं असणार. आणि बघून त्याने काय केलं, तर मार खायला एक माणूस म्हणून वापरला. सगळं कॉमिक चाळलं तर हेच. ज्यांची हाडं मोडतात ते सगळे लुंगीवाले, बनियनवाले. शेठला शेवटी पोलीस धरून नेतात, तेही गाडीत बसवून. रेनकोटवाल्याचं सगळं दुःख आपल्याला सांगितलं आहे, म्हणून त्याने काही केलं तरी ते न्यायच वाटतं. हूकवाल्याचं आपल्याला काहीच सांगितलेलं नाही, म्हणून पान उलटायला वेळ लागत नाही. माझंही तसंच होत असणार तेव्हा. इतर लुंगीवाल्यांना मार पडला तेव्हा मी टाळ्याच पिटल्या असतील.

मग आमच्या हूकवाल्याने दार उघडलं ते कुठे? ते माझ्या तोंडात. आबांच्या पाठीवर उभी राहून मी हिंदीचं मराठी करत होते, आणि त्या पानाशी आल्यावर माझी जीभ वळली नसणार. खाली पालथा पडलेला माणूस, खुंटीला त्याचा हूक, आणि मी त्याला सांगू की तुझ्यासारख्याचा हात मोडून खाडीत फेकला? मी गोष्टच बदलली. आणि इतक्या वेळा बदलली की पुढे मला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. दहा-अकरा वर्षांच्या त्या पोरीचा मला ओट्याशी उभ्या उभ्या इतका कळवळा आला, की काय सांगू.

पण त्याच ओट्याशी मला दुसरंही आठवलं. पार्किंगमधलं.

झालं होतं असं. आमच्या सोसायटीतल्या बायका मिळून वर्षाचा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून मागवतात. टेम्पो येतो, पार्किंगमध्ये पोती उतरवतो, मग ज्याने त्याने आपापलं पोतं न्यायचं. त्या दिवशी टेम्पो दुपारी आला. मी बँकेत, लेक ऑफिसात. टाकी भरून वाहायला लागली होती आणि पाणी पोत्यांच्या दिशेने निघालं होतं. वॉचमन नवा, तो पंप बंद करायला धावला. आबांनी हे गॅलरीतून बघितलं. तांदूळ भिजतोय म्हटल्यावर ते कसले बसतात! कॉटखालच्या ट्रंकेतून हूक काढला आणि बनियनवरच खाली उतरले. एकेक पोतं ओढून कोरड्या बाजूला लावायला लागले. 

आमच्याकडे मागे सायकली चोरीला गेल्या, तेव्हापासून काही तरुण मुलांनी लक्ष ठेवायचा ग्रुप काढला आहे. त्यातला एक, समोरच्या विंगमधला, जिमला जाणारा, तो त्याच वेळी गाडी लावत होता. त्याला काय दिसलं? एक अनोळखी म्हातारा, बनियनवर, हातात लोखंडी आकडा, सोसायटीचा माल ओढतोय. पोराने मागून येऊन हात पिरगाळला. हूक खाली पडला. "कौन है तू? किसके घर का है?" आबा म्हणाले, "आरं, पोती भिजत्यात!" फ्लॅट नंबर सांगितला तरी त्याचा विश्वास बसेना. दुसऱ्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी तो व्हिडिओ बँकेत काउंटरवर बसून बघितला. त्यात आबा तेच सांगत होते, मी नुसती पोती उचलायला आलोय.

आणि मी काय केलं? अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या, पण बोटांनी काय लिहिलं? "ते माझे वडील आहेत. वयामुळे हल्ली त्यांना काही लक्षात राहत नाही. गैरसमज झाला. क्षमस्व."

भराभर हात जोडलेली चित्रं आली. काळजी घ्या ताई. एकटं सोडू नका. विषय मिटला. मला अगदी हायसं वाटलं.

आबांना काय लक्षात राहत नाही? अहो, त्यांना मार्केटातल्या कुठल्या गाळ्यात कुठल्या गावचा माल उतरायचा ते अजून पाठ आहे. माझ्या नवऱ्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, आबा आठवण करून देतात. पण हे लिहिणं सोपं होतं. कारण दुसरं लिहायचं तर काय लिहिणार होते? की माझे वडील हमाल होते, हूक हे त्यांचं हत्यार नाही, अवजार आहे? इतकी वर्षं मी सोसायटीत सांगत आले होते, "वडील मार्केटला होते." लोक समजायचे व्यापारी असतील, गाळा असेल. मी समजू द्यायचे. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत असंच सांगतात; खोटं बोलल्यासारखंही होत नाही आणि समोरच्याचा चेहराही बदलत नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी ते कॉमिक कपाटात कपड्यांखाली ढकलून दिलं. आबांच्या नजरेला ते पान पडायला नको. आधीच गावाला जायचा हट्ट, त्यात आणखी हे टेन्शन कुठे!

पण लेकाच्या पोटात काही राहतं का? रविवारी जेवणं झाल्यावर आबा कॉटवर बसले होते. पिशवी पायाशी, भरलेली. सोमवारची सकाळची गाडी, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मनगट अजून सुजलेलं, त्याला मी लेप लावत होते. म्हणाले, "त्या पोरानं रेनकोटवाला आनलाय म्हनं. वाच की. जायच्या आदी ऐकतो एकदा."

"आता कशाला आबा? जुनाट आहे. वास येतो."

"पाठीवर चढ म्हनलो न्हाई तुला. निसती वाच."

"चढले तर पाठ राहील का तुमची!"

ते हसले. पार्किंगनंतर पहिल्यांदा. मग मला नाही म्हणवेना. काढलं बाहेर आणि बसले कॉटच्या कडेला. हिंदी डोळ्याने, मराठी तोंडाने, जुनी सवय. आबा "हं, हं" करत होते. ते पान आलं. आणि मी पुन्हा तेच केलं. "मग हूकवाला आतून दार उघडतो," मी म्हटलं, "आणि म्हणतो, साहेब, या आत, माल मी दाखवतो."

"थांब," आबा म्हणाले. "चष्मा दे."

दिला. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, लांब धरून बघितलं आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं.

"ह्यो तर हात मोडतुया त्याचा."

मी पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला.

"अगं, चौथी शिकल्याला मानूस हाय मी. तू शाळंत गेलीस की कवातरी चाळायचो ही पुस्तकं. तवाच बगितलं हुतं हे चित्र."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"कशाला बोलू? लय ग्वाड वाटायचं मला. मार्केटात शेठ शिव्या घालायचा, घरला आलो की माझी पोरगी माझ्यासारक्या मानसाला हिरो करायची. म्हनून तर तेच पुस्तक परत परत आन म्हनायचो. तुला काय वाटलं, मला त्या दाढीवाल्याचं कवतिक हुतं?"

मी रडायला लागले. आपण ह्यांना जपलं, असं मला वाटत होतं, आणि ते पाठीवरचं ओझं सांभाळत मलाच जपत होते. मला वाटलं, झालं, आता आबा निवळले, आता पिशवी सोडतील. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मग राहा ना आबा. नका जाऊ."

त्यांनी कॉमिक मिटून बाजूला ठेवलं. "आता तुझ्या त्या मोबाईलच्या ग्रुपात काय लिवलंयस, तेबी वाचून दाखीव."

"कुठल्या?"

"शेजारची आलती. म्हनली, आजोबा, गळ्यात पत्त्याचं कार्ड घालत जावा, म्हंजी घर सापडंल. म्या इचारलं, का गं बाई? तर म्हनली, तुमच्या लेकीनंच लिवलंय. वाच की. ह्ये बदलून नको वाचू."

मी मोबाईल काढला. मेसेज शोधला. वाचला. दोन ओळी होत्या, पण त्या मोठ्याने वाचताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मी काय इसरलोय?" आबांनी विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. "सांग. काय लक्षात ऱ्हात न्हाई माझ्या?"

"काही नाही आबा. सगळं राहतं."

"मग त्या पोराचं काय चुकलं? त्यानं वळकलं न्हाई म्हनून हात पिरगाळला. सुजतंय, उतरंल. तू तर वळकत हुतीस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि बरं झालं मारलं ते. इतके दिवस मी त्या जिमवाल्या पोराला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि आबा गावाला निघाले होते ते माझ्यामुळे. लहानपणी मी त्यांची गोष्ट बदलली ती त्यांच्यासाठी. आता बदलली ती माझ्यासाठी, चार शेजाऱ्यांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून. लाज त्यांना कधी वाटलीच नव्हती. ती माझी होती आणि मी त्यांच्या गळ्यात बांधली होती.

त्याच संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती, टँकरच्या पाण्यावरून. मी एरवी जात नाही. गेले. क्लब हाउसमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्याचा आवाज, नेहमीची भांडणं. तो मुलगाही होता, मागे उभा. पाण्याचा विषय संपत आला तशी मी उभी राहिले.

"मला बोलायचंय. पार्किंगमधल्या प्रकाराबद्दल."

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तो विषय संपला ना?"

"तुमचा संपला असेल. माझा नाही." सुरुवात झाली की मी थांबत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. "मी ग्रुपवर लिहिलं की माझ्या वडिलांच्या लक्षात राहत नाही. ते खोटं होतं. त्यांना सगळं लक्षात राहतं. ते मार्केटला होते असं मी तुम्हाला सांगत आले, तर तिथे त्यांचा गाळा-बिळा नव्हता. ते हमाल होते. आयुष्यभर पोती उचलून त्यांनी मला शिकवलं, म्हणून मी आज इथे फ्लॅट घेऊन तुमच्यात बसलेय. टाकीचं पाणी पोत्यांखाली चाललं होतं, म्हणून ते हूक घेऊन उतरले. तुमचीच पोती होती. कोणाचा तांदूळ भिजला का? नाही ना भिजला? मग?"

तो मुलगा लाल झाला होता. म्हणाला, "आंटी, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतंस बाळा. आणि उत्तर दिल्यावर ऐकायचं होतंस. हात काय, नंतरही पिरगाळता आला असता."

कोणीतरी हसलं, मग कोणीतरी त्याला गप्प केलं. मुलगा म्हणाला, उद्या येऊन आजोबांची माफी मागतो. मी म्हटलं, ये, पण ते असतील की नाही मला माहीत नाही. खाली बसले तेव्हा शेजारच्या काकू माझ्याकडे बघत होत्या. चेहरा बदलला होता त्यांचा, अगदी मला वाटत होतं तसाच. बदलू दे म्हटलं.

घरी आले तर आबा कॉटवर तसेच बसलेले. पिशवी तशीच पायाशी. लेक कोपऱ्यात मोबाईल बघत असल्याचं सोंग करत होता. मी चपला काढल्या आणि दाराशीच उभी राहिले. इतकी दमले होते की बसायचंही सुचेना.

"काय झालं मीटिंगला?"

"बोलले मी."

"काय बोललीस?"

सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितलं, काही गाळलं नाही, काही घातलं नाही. आबा खाली मान घालून ऐकत होते. मी थांबले तर त्यांनी पायाने पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, उशीर झाला. उद्या सकाळी हा माणूस गाडीत बसणार आणि मी स्टँडवर उभी राहून बघणार.

"हमाल म्हनलीस?" त्यांनी विचारलं.

"हो. हमाल म्हणाले. सगळ्यांसमोर."

"हमाल काय गं!" आबा एकदम चिडले. "माथाडी कामगार म्हनायचं. बोर्डात नोंद हुती माझी. मोर्चे काढल्यात आमी त्या नावासाठी, लाठ्या खाल्ल्यात. शिकली-सवरल्याली तू, एवडं कळत न्हाई तुला?"

"चुकलं," मी म्हटलं. "परत जाऊन सांगू का?"

"आता कुटं जातीस, उटले असतील सगळे." त्यांनी सुजलेला हात दुसऱ्या हाताने चोळला, जरा विचार केला. "फुडच्या मीटिंगला मीच येतो. तुला नीट सांगता येत न्हाई."

मी खाली बसले, त्यांच्या पायाशी, आणि पिशवीची चेन उघडून एकेक कपडा बाहेर काढायला लागले.